आयरिश-स्कॉटिश पूर्वजांचा शोध आडनावापाशी अडकला तर काय काय तपासायचं, क्रमाने

ग्लासगोच्या पूर्वेला कोटब्रिज म्हणून गाव आहे, तिथे राहायला आले त्याला आता सतरा वर्षं होतील. माझं सासर मूळचं आयर्लंडमधल्या डोनेगल काउंटीतलं, दीडशे वर्षांपूर्वी इथल्या लोखंडाच्या भट्ट्यांवर कामाला आलेल्यांपैकी. पहिल्यांदा सासूबाईंसाठी त्यांच्या माहेरची वंशावळ शोधायला बसले, मग जावेच्या माहेरची, मग शेजारच्या आजींची, मग ऑफिसातल्या दोघांची, असं करत करत बारा-तेरा घरांची झाडं हाताखालून गेली आणि दर वेळी गाडं अडलं ते त्याच ठिकाणी. मागे मागे जाताना एका पिढीशी आडनाव संपतं आणि माणूस गायब. आता पुण्या-मुंबईकडूनही विचारणा होते, कुणाची सून स्कॉटिश आहे, कुणाचा जावई आयर्लंडमधल्या कॉर्कचा आहे, कुणी खडकीच्या जुन्या अँग्लो-इंडियन घरातलं आहे. प्रत्येकाला फोनवर तासतास सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी लक्षणं जुळतात का बघा

१९११ आणि १९०१ च्या आयरिश जनगणनेपर्यंत सगळं सुरळीत सापडतं, आणि १८६०-७० च्या मागे तो माणूस कुठेच नाही, ना जन्म, ना लग्न. किंवा बरोबर उलटं, त्याच नावाचे चाळीस जण एका काउंटीत आणि त्यातला आपला कोणता ते कळत नाही. सख्ख्या भावांची आडनावं कागदोपत्री वेगवेगळी. बायको एका दाखल्यावर एका आडनावाने, दुसऱ्यावर दुसऱ्याच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून कधीतरी ऐकलेलं असतं की आपलं नाव खरं वेगळंच होतं. ह्यातली दोन जरी जुळली तरी पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट मात्र ह्यातून बाजूला काढा, नाहीतर साप म्हणून भुई धोपटत बसाल. आयर्लंडची १९०१ च्या आधीची जनगणना सापडत नसेल तर त्यात नावाचा काही दोष नाही, ती उरलेलीच नाही. १८२१ ते १८५१ ची पुस्तकं ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दप्तरखान्याला आग लागली त्यात जवळजवळ सगळी गेली, १८६१ आणि १८७१ ची सरकारनेच आधी नष्ट केली होती, आणि १८८१, १८९१ ची पहिल्या महायुद्धात रद्दीत गेली. जन्म, मृत्यू आणि कॅथलिक लग्नांची सरकारी नोंद आयर्लंडमध्ये १८६४ पासूनच सुरू होते, इतरांच्या लग्नांची १८४५ पासून, आणि स्कॉटलंडमध्ये सगळ्यांची १८५५ पासून. ह्या तारखांच्या आधीचा सरकारी दाखला मिळणारच नाही, तिथे चर्चच्या वह्याच बघाव्या लागतात.

फुकटातली पहिली तपासणी: घरातलेच कागद आणि उच्चार

ही सगळे टाळतात आणि थेट वेबसाइटवर नाव टाइप करतात. आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला ते आडनाव तोंडाने म्हणायला लावा आणि जसं ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून घ्या. देवनागरीत का, तर आपल्या लिपीत ख आणि ह वेगळे लिहिता येतात, इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाला ते जमत नव्हतं. सासूबाईंचं माहेरचं नाव डॉखर्टी, घशातला ख, लॉख नेस मधला. स्कॉटिश बोलीत तो आवाज आहे म्हणून इथल्या कारकुनांनी तो सी आणि एच घालून लिहिला. आयर्लंडमध्ये तेच नाव इंग्रजीत लिहिताना तो ख गळून डॉहर्टी झालं. मूळ आयरिश नाव एकच. गॅलाहर आणि गॅलाखरचं अगदी तसंच, पहिलं आयर्लंडमधलं, दुसरं स्कॉटलंडमधलं. म्हणजे समुद्र ओलांडला की एक अक्षर बदलतं, आणि तुम्ही ग्लासगोचं स्पेलिंग घेऊन डोनेगलच्या वह्यांत शोधत बसलात तर हाताला काही लागत नाही.

दुसरं म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या पुस्तकात घडी करून ठेवलेली श्रद्धांजलीची कार्डं आणि कबरीवरचा दगड. स्कॉटलंडमध्ये बायकांची नावं दगडावर बहुतेक वेळा माहेरच्या आडनावाने कोरलेली असतात. तो एक दगड कधी कधी दहा दाखल्यांचं काम करतो. फोटो संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढा, अक्षरं उठून दिसतात.

ओ, मॅक आणि शोधयंत्राच्या खोड्या

ह्यालाही पैसे लागत नाहीत आणि माझ्या अनुभवात निम्मी गुंतागुंत इथेच सुटते. आयरिश ओ म्हणजे नातू किंवा वंशज, मॅक म्हणजे मुलगा. इंग्रजी अमलात, सतराव्या-अठराव्या शतकात, लोकांनी हे ओ आणि मॅक टाकून दिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८९३ मध्ये आयरिश भाषेसाठी काम करणारी गेलिक लीग ही संस्था सुरू झाली त्या सुमारास, भाषेचा अभिमान जागा झाला तसे कित्येकांनी परत लावून घेतले. त्यामुळे आजोबा सुलिव्हन, नातू ओसुलिव्हन, हे अगदी नेहमीचं. मर्फी लोकांनी बहुतेक परत लावलाच नाही. एकाच घरात एक भाऊ ओकॉनर आणि अमेरिकेला गेलेला दुसरा कॉनर, असंही भरपूर.

आता शोधयंत्राची अडचण समजून घ्या. सारख्या उच्चाराची नावं शोधण्याची जी जुनी पद्धत बऱ्याच साइट वापरतात, साउंडेक्स, ती पहिलं अक्षर तसंच धरून ठेवते. म्हणजे ओसुलिव्हन टाकलं तर सुलिव्हन येणार नाही, केन टाकलं तर सीने सुरू होणारा केन येणार नाही आणि ओकेन तर नाहीच नाही. म्हणून प्रत्येक नाव निदान चार पद्धतीने टाकून बघा: ओ सकट, ओ शिवाय, मॅकनंतर जागा सोडून, जागा न सोडता. पहिल्या अक्षराच्या जागी * (इथे कुठलंही अक्षर चालेल अशी खूण) टाकता येत असेल तर तेही करा. जुन्या वह्यांत मॅक पूर्ण लिहीत नसत, नुसता एम आणि वर उलटा स्वल्पविराम, आणि तो टाइप करणाऱ्याने कधी एम धरला, कधी सोडून दिला. आणि ते "एम-सी म्हणजे आयरिश, एम-ए-सी म्हणजे स्कॉटिश" असं जे सगळीकडे सांगतात ते धरून चालू नका, एम-सी हा नुसता मॅकचा संक्षेप आहे, दोन्ही देशांत दोन्ही चालतं.

बाईचं नाव आयरिशमध्ये लिहिलेलं असेल तर अजून एक पायरी आहे. मुलगी असेल तर ओ चा नी होतो आणि मॅकचा निक, बायको असेल तर ई किंवा विक. १९११ च्या जनगणनेत काही घरांनी अर्ज मुद्दाम आयरिशमध्ये भरले, त्यामुळे इंग्रजी नावाने शोधलं तर अख्खं घर सापडत नाही. आईचं नाव ई ब्रिअन आणि मुलाचं ओ ब्रिअन दिसलं तर ती दोन आडनावं नव्हेत, आपल्याकडे सावंतीण म्हणायचे तसं आहे ते.

आडनाव बाजूला ठेवून माणसं शोधा

इथे मराठी माणसाची एक सवय आड येते असं मला वाटतं. आपल्याला आडनावावरून गाव कळतं, सातारकर म्हटलं की सातारा. आयरिश आडनावात गाव नसतं, पूर्वज असतो. गाव वेगळं शोधावं लागतं, आणि एकदा ते सापडलं की ते आडनावापेक्षा कितीतरी स्थिर असतं. आयर्लंडमध्ये त्याला टाउनलँड म्हणतात, पाच-दहा घरांची वाडीच समजा, अशा साठ हजारांवर आहेत. माणसं नाव बदलतात, कारकून चुका करतात, पण ते घर त्याच वाडीत असतं. म्हणून माझा नियम एकच, वाडी धरा आणि आडनाव सैल सोडा.

१९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे अर्ज डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहेत. आडनावाची चौकट रिकामी ठेवा, काउंटी, बायकोचं पहिलं नाव आणि वय टाका. मुलांच्या नावांचा क्रम बघा. दोन्ही देशांत जुनी रीत होती: थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, थोरली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तशीच ही रीत, त्यामुळे पटकन डोक्यात बसते. सगळ्यांनी पाळली असं नाही, पण पाच मुलांची नावं ओळीने जुळली तर आडनावातलं एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी मी ते घर सोडत नाही.

पहिली नावंही बदलतात हे लक्षात असू द्या. आयर्लंडमध्ये डायरमुडचा जेरेमाया किंवा डार्बी होतो, टायग्चा टिमथी किंवा थॅडी, ब्रिजेटची डेलिया, ओनोराची नोरा किंवा हॅना. स्कॉटलंडमध्ये जीन, जेन, जेनेट आणि जेसी ही एकच बाई असू शकते, पीटर आणि पॅट्रिक एकच बाप्या असू शकतो, डोनाल्डचा डॅनियल होतो. कॅथलिक चर्चच्या वह्या लॅटिनमध्ये असतील तर याकोबुस म्हणजे जेम्स आणि युजेनियस म्हणजे ओवेन.

वयात सोळा-सतरा वर्षांची उडी दिसली तरी घाबरू नका. जानेवारी १९०९ पासून सत्तरी पार केलेल्यांना पेन्शन सुरू झालं आणि वयाचे दाखले तर बऱ्याच जणांकडे नव्हतेच, त्यामुळे १९०१ मध्ये चोपन्न असलेला माणूस १९११ मध्ये सत्तर-बहात्तरचा झालेला मी कितीदा पाहिलाय.

भाषांतर झालेली नावं

एवढं करून सापडलं नाही तर नाव नुसतं बदललेलं नसून त्याचं भाषांतर झालेलं असू शकतं, आणि हे कळल्याशिवाय कितीही * टाकले तरी उपयोग नाही. मॅक गॉवन म्हणजे लोहाराचा मुलगा, ते कॅव्हनमध्ये सरळ स्मिथ झाले. ओ क्लेरी म्हणजे लेखनिकाचा वंशज, उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात त्यांचे क्लार्क झाले. मॅक अन टीर, कारागिराचा मुलगा, ह्याचं स्कॉटलंडमध्ये मॅकिंटायर, आयर्लंडमध्ये कुठे मॅकटीर, कुठे कारपेंटर. आणि त्यातच गंमत बघा, आयरिशमध्ये त्या शब्दाचा दुसरा अर्थ मोकळा, स्वतंत्र, म्हणून काही ठिकाणी कुणीतरी फ्रीमन लिहून टाकलं. कॉनेमाऱ्यातले मॅक कॉनरी तर किंग झाले, कारण नावाचा शेवट कानाला राजा ह्या शब्दासारखा लागतो, अर्थाचा संबंध काही नाही. ओ हे हे नाव दक्षिणेत हेज आणि उत्तरेत ह्यूज. म्हणजे एकाच आयरिश नावाची दोन इंग्रजी नावं, आणि उलट एका स्मिथमागे खरा इंग्लिश स्मिथही असू शकतो, म्हणून वाडी आणि धर्म दोन्ही बघितल्याशिवाय जोडायचं नाही.

हा गोंधळ त्या काळच्या सरकारी लोकांनाही छळत होता. डब्लिनच्या रजिस्ट्रार जनरलच्या ऑफिसातल्या रॉबर्ट मॅथेसन ह्यांनी १८९० मध्ये आपल्या नोंदणी कारकुनांसाठी एकाच कुटुंबाने आलटून पालटून वापरलेल्या आडनावांची यादीच काढली. ती आज नेटवर फुकट वाचायला मिळते, आणि मी नवीन घराचं काम हातात घेतलं की आधी ती उघडते, कारण ती कल्पनेने केलेली नाही, रोजच्या कामात समोर आलेल्या प्रकरणांवरून केलेली आहे.

भाषांतर झालंय का हे ताडून बघायला ग्रिफिथचं मूल्यांकन वापरा, १८४७ ते १८६४ मध्ये आयर्लंडभर जमीन कुणाकडे आहे ह्याची केलेली पाहणी, तीही फुकट. वाडी काढा आणि १८५० च्या दशकात तिथे मॅकगॉवन आणि १९०१ मध्ये त्याच तुकड्यावर स्मिथ असं दिसतंय का बघा. तिथेच नावापुढे कंसात काहीतरी लिहिलेलं दिसेल, जॉन रायन आणि कंसात नेड, पॅट्रिक गॅलाहर आणि कंसात रो. टिपेररीत रायन आणि डोनेगलमध्ये गॅलाहर इतके की वाडीत पाच-पाच एकाच नावाचे, मग नेडचा जॉन, तांबड्या केसांचा पॅट्रिक अशी ओळख. बॉन म्हणजे गोरा, ओग म्हणजे धाकटा, मोर म्हणजे थोरला. आपल्या गावात सगळेच पाटील असले की वरच्या आळीतले, विहिरीजवळचे, तसंच हे. कंसातला शब्द कधीही सोडू नका, तीस वर्षांनी दुसऱ्या वहीत तोच आडनावासारखा लिहिलेला सापडतो.

आता थोडे पैसे: स्कॉटलंडचे दाखले

कुटुंबातला एक जरी भाऊ किंवा बहीण स्कॉटलंडमध्ये आली असेल तर आयर्लंडपेक्षा इथे पैसे घाला. आयरिश लग्नाच्या दाखल्यावर फक्त दोघांच्या वडिलांचं नाव. स्कॉटिश लग्नाच्या आणि मृत्यूच्या दाखल्यावर आई-वडील दोघं, आईचं माहेरचं आडनाव धरून. म्हणजे १८४५ नंतरच्या बटाट्याच्या मोठ्या दुष्काळाच्या आधी डोनेगलमध्ये जन्मलेला माणूस १८८० मध्ये ग्लासगोत वारला तर त्याच्या दाखल्यावर अशा आई-वडिलांची नावं असतात ज्यांची आयर्लंडमध्ये दुसरी कुठलीच नोंद उरलेली नसते. स्कॉटलंड्सपीपल ह्या सरकारी साइटवर सूची शोधणं फुकट आहे, मूळ पान उघडायला दीड पौंडाच्या आसपास लागतात. भराभर सगळी पानं उघडू नका, आधी सूचीत आईचं माहेरचं नाव टाकून गाळून घ्या.

सासूबाईंच्या पणजोबांचं सांगते, कारण पद्धत त्यात दिसते. सासूबाईंच्या चुलतभावाने एका मोठ्या साइटवर जे झाड केलं होतं त्यात ते चक्क कॉर्कच्या कुणा भलत्याच माणसाला जोडलेले होते, आणि ते झाड पुढे अकरा जणांनी कॉपी केलं होतं. मी चार मुलांचे जन्माचे दाखले काढले, १८६२, १८६५, १८६८ आणि १८७२, खर्च साधारण सहा पौंड. पहिल्यावर डॉखर्टी, दुसऱ्यावर डॉगर्टी, तिसऱ्यावर डॉहर्टी, चौथ्यावर पुन्हा डॉखर्टी. आईचं आडनावही दोनदा गॅलाहर, दोनदा गॅलाखर. चारही पानांवर सहीच्या जागी फुली, एका बाजूला "ह्याची", दुसऱ्या बाजूला "निशाणी" असं कारकुनाच्या बारीक तिरप्या अक्षरात. तिसऱ्या पानावरच्या फुलीचा एक पाय लांब ओढलेला आहे, शाई तिथे जरा पसरलीय, बहुतेक टाक जास्त दाबला असावा. म्हणजे लिहिता न येणारा माणूस आपलं नाव सांगतोय, समोरचा कारकून दर वेळी वेगळा, आणि ज्याने जसं ऐकलं तसं लिहिलं. पण १८६१ पासून स्कॉटिश जन्मनोंदीत आई-वडिलांच्या लग्नाची तारीख आणि जागा असते, आणि ती चारही पानांवर एकच होती, २० नोव्हेंबर १८६०, डोनेगल. तेवढी तारीख हातात आल्यावर आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट असलेल्या चर्चच्या वह्यांमध्ये ते लग्न एका संध्याकाळीत सापडलं. सासूबाईंना पान दाखवलं तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत, पडद्यावर त्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिल्या.

तर नियम असा की आडनाव सोडून जे बदलत नाही ते जुळवायचं: लग्नाची तारीख, आईचं माहेर, वाडी, बाप्तिस्म्याचे साक्षीदार. साक्षीदार बहुतेक नात्यातले असतात. १८५६ ते १८६० च्या स्कॉटिश जन्मनोंदींत लग्नाची तारीख नसते, तिथे ती सापडत नाही म्हणून हैराण होऊ नका, पुढच्या भावंडाचं पान काढा. पानाच्या समासात दुरुस्ती-नोंदवहीचा उल्लेख असेल तर तीही उघडा, वडिलांचं नाव नंतर ठरलं असेल तर ते तिथे लिहिलेलं असतं.

नाव चुकून बदललेलंच नाही अशी प्रकरणं

आतापर्यंतचं सगळं कानाच्या आणि लेखणीच्या चुकांचं होतं. काही वेळा नाव समजून उमजून बदललेलं असतं. सगळ्यात ठळक म्हणजे मॅकग्रेगर. १६०३ मध्ये स्कॉटलंडमध्ये हे आडनाव लावायलाच बंदी आली, मध्ये १६६१ ला उठली, १६९३ ला परत लागली आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. तेवढ्या काळात ह्या लोकांनी ग्रँट, कॅम्पबेल, ड्रमंड, मरे अशी आसऱ्याला मिळतील ती नावं घेतली. त्यांच्यातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस, रॉब रॉय, स्वतः आईचं कॅम्पबेल नाव लावत होता. बंदी उठल्यावर काही परत फिरले, काही नाही. पर्थशरच्या बाजूची एखादी ड्रमंड शाखा १७७४ नंतर एकदम मॅकग्रेगर म्हणून दिसू लागली तर हे आधी आठवा.

शेटलंड बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कायमचं आडनाव नसलेली घरं होती, मॅग्नसचा मुलगा मॅग्नसन, मुलगी मॅग्नसडॉटर, आणि पुढच्या पिढीत पुन्हा वेगळं. तिथे आडनाव शोधणं सोडा, बापाचं नाव शोधा. ईशान्य स्कॉटलंडमधल्या बकीच्या बाजूच्या मासेमारीच्या गावांत तर अर्धं गाव एकाच आडनावाचं, म्हणून टी-नेम, म्हणजे घराण्याचं टोपणनाव, मतदारयादीतसुद्धा लावत.

आणि एक नाजूक कारण. लग्नाशिवाय झालेल्या मुलाची नोंद स्कॉटलंडमध्ये आईच्या आडनावाने व्हायची, वडील स्वतः येऊन सही करतील तरच त्यांचं नाव पडायचं. तोच मुलगा मोठेपणी बापाचं किंवा सावत्र बापाचं नाव लावतो. स्कॉटलंडमध्ये नाव बदलायला कोर्टकचेरीची गरज नव्हती, लावायला लागलं की झालं. अशी नोंद सापडली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोनवर सांगू नका, समोर बसून, एकटं गाठून, आधी ऐकायचंय का विचारून सांगा. मी एकदा घाई केली होती आणि त्याचं अजून वाईट वाटतं.

अमेरिकेला गेलेल्या भावंडांबद्दल एकच सांगते, "एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कच्या बंदरातलं स्थलांतरितांचं तपासणी ठाणं) आमचं नाव बदललं" हे गृहीत धरू नका. प्रवाशांच्या याद्या निघण्याच्या बंदरावरच तयार व्हायच्या, तिकडचे अधिकारी फक्त ताडून बघायचे. नाव बदललं ते बहुधा नंतर, माणसाने स्वतः. आणि सारख्या नावाची भीती किती बाळगावी ह्याचं उदाहरणही तिथलंच आहे. १ जानेवारी १८९२ ला एलिस आयलंडवर पहिली उतरलेली कॉर्कची मुलगी ॲनी मूर, तिच्या म्हणून वर्षानुवर्षं टेक्सासमधल्या एका बाईची गोष्ट सांगितली जात होती, २००६ मध्ये कळलं की ती बाई अमेरिकेतच जन्मलेली होती आणि खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच राहिली, तिथेच वारली. नाव जुळलं एवढ्यावर कुणी कुठपर्यंत जाऊ शकतं बघा.

शेवटच्या दोन, वेळ आणि पैसे खाणाऱ्या

एक, प्रत्यक्ष दप्तरखाने. डब्लिनची रजिस्ट्री ऑफ डीड्स १७०८ पासूनची आहे, दस्तांमध्ये माणसाची दोन्ही आडनावं "ऊर्फ" घालून लिहिलेली सापडतात, पण जमीनजुमला असलेल्यांचीच. गरिबांसाठी मला जास्त उपयोगी पडले ते पेन्शनचे शोध-अर्ज: १९०९ नंतर वय सिद्ध करायला लोकांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतली आपली नोंद शोधून मागितली होती, मूळ वह्या जळाल्या पण ते अर्ज राहिले, आणि त्यांत आई-वडिलांची नावं आणि वाडी असते. पूर्वज सैनिक म्हणून आपल्या मुंबई इलाख्यात आला असेल, खडकी, देवळाली, कुलाबा, तर तिथले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ह्यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन-३ ह्या मालिकेत आहेत, आणि सैनिकाच्या पेन्शनच्या कागदांत जन्माची पॅरिश, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतलं गाव ते, लिहिलेली असते. फौजेत खोट्या नावाने भरती होणारे बरेच होते, त्यामुळे पलटण आणि पॅरिश जुळवा, नाव शेवटी.

दोन, डीएनए. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी आडनावाच्या बाबतीत खरंच उपयोगी आहे, ब्लॅक नावाच्या माणसाचे सगळे जुळणारे मॅकग्रेगर निघाले तर दिशा कळते. पण ती पुरुषाचीच करावी लागते, महाग आहे, आणि वाडी किंवा साल ती सांगत नाही. कागद संपायच्या आधी करू नका.

कधी थांबायचं

चर्चची वही १७०० च्या आधीची असेल तर ते जुनं वळण अभ्यासाशिवाय वाचता येत नाही, अंदाजाने वाचलेलं एक अक्षर सगळं झाड फिरवतं, तिथे माणूस लावा. दत्तकाचा कागद लागला किंवा डीएनएमध्ये जिवंत माणसाबद्दल काही अनपेक्षित निघालं तर स्वतः संपर्क करू नका, त्या कामाचे समुपदेशक आणि मध्यस्थ असतात. वारसाहक्काचा मामला असेल, किंवा आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आजी-आजोबांवरून आयरिश नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल आणि तीन दाखल्यांवर तीन स्पेलिंग असतील, तर वकील गाठा, तिथे तुमची आमची खात्री चालत नाही, शपथपत्र लागतं. आणि एकाच पिढीवर सहा महिने घालवून दोन माणसांत निवड होत नसेल तरीही थांबा. आयर्लंडसाठी अक्रेडिटेड जीनिॲलॉजिस्ट्स आयर्लंड आणि स्कॉटलंडसाठी ॲसग्रा ह्या संस्थांच्या याद्यांतून माणूस निवडा, पैसे तासावर असतात म्हणून एकच नेमका प्रश्न लिहून द्या, आणि कुठे कुठे शोधून झालं, कोणत्या स्पेलिंगने, कोणत्या तारखेला, ती वही सोबत जोडा. डब्लिनला जाणार असाल तर राष्ट्रीय ग्रंथालयातला वंशावळ सल्ला विनामूल्य आहे, पैसे देण्याआधी तिथे अर्धा तास बसून या.